सव्वा टेराबाइटचं चमॉड

एका वाचनालयाच्या जुन्या मासिकांचं स्कॅनिंग चालू आहे, त्याच्या सर्व्हरकडे मी बघतो. पानं ४८,००० च्या आसपास झालीत. ए-फोर, ३०० डीपीआय, रंगीत, कॉम्प्रेशन नाही. म्हणजे २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट. एक पान २६ एमबीचं. मास्टर टिफच (मूळ स्कॅनच्या फायली) सव्वा टीबी, वर पीडीएफ आणि ओसीआरचे (चित्रातून ओळखलेल्या मजकुराचे) २०० जीबी.

बॅकअपच्या डिस्क दोन. ‘क’ ४ टीबीची, शेजारच्या खोलीतल्या मशीनमध्ये. तिच्यावर रोज रात्री दीड वाजता आरसिंक (फायलींच्या प्रती घेणारा प्रोग्राम) चालतो आणि त्या दिवसाच्या सगळ्या फायलींचं एक फोल्डर, म्हणजे स्नॅपशॉट, बनवतो. तोही लिंक-डेस्ट पर्याय लावून: न बदललेली फाइल पुन्हा लिहायची नाही, कालच्याच फाइलला आणखी एक नाव (हार्ड लिंक) द्यायचं. ‘ख’ २ टीबीची यूएसबी डिस्क. दर बुधवारी संध्याकाळी जोडायची, बॅकअप झाला की ग्रंथपाल बाई ती घरी नेतात. ‘ख’ची स्क्रिप्ट माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली. चालते म्हणून मी कधी उघडून पाहिली नव्हती.

९ जुलै २०२५, बुधवार, सकाळ

उठल्या उठल्या मेल. बॅकअप अर्धवट, आरसिंक कोड ११ देऊन थांबला, कारण ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. ‘क’ शंभर टक्के भरलेली. स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालते, त्यामुळे ईएक्सटी-फोर (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) रूटसाठी राखून ठेवतं ते ५ टक्केही खाऊन झाले.

सोमवारी सकाळी याच डिस्कवर १.४५ टीबी होतं. दिवसाला फार तर ९० पानं वाढतात, म्हणजे साधारण २.३ जीबी. दोन रात्रींत अडीच टीबी आणलं कुठून?

मंगळवारच्या, ८ तारखेच्या पहाटेचा लॉग काढला. एरवी सहा मिनिटांत उरकणारं काम त्या रात्री पाच तास वीस मिनिटं चाललं होतं. यशस्वी झालं तर मेल येत नाही, ही व्यवस्था माझीच, म्हणून कळलं नाही. नेटवर्कवरून आलेला माल मात्र नेहमीइतकाच. वायरीतून काही आलेलं नाही आणि डिस्क भरलीय. म्हणजे जे काही लिहिलं गेलं ते ‘क’ने स्वतःचंच वाचून स्वतःवर लिहिलं. पाच तास त्यातच गेले. एकाच फिरत्या डिस्कवर वाचणं आणि लिहिणं दोन्ही असलं की वेग निम्म्याच्या खाली जातो.

आता डीयू, कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते सांगणारी आज्ञा. इथे एक जुनी गंमत आहे. प्रत्येक स्नॅपशॉटवर वेगवेगळा डीयू चालवला तर प्रत्येक जण १.४५ सांगतो. सगळे एकाच हाकेत दिले तर डीयू एक इनोड (फाइलची डिस्कवरची मूळ नोंद) एकदाच मोजतो, आणि कुठल्या दिवसाने नवीन जागा किती घेतली ते दिसतं. उत्तर आलं: ७ तारीख १.४५, ८ तारीख १.२५, ९ तारीख १.२४ आणि अपूर्ण.

१.२५ म्हणजे नेमके सगळे मास्टर. दोनदा.

क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) बंद केला. काहीही पुसायचं नाही असं स्वतःलाच बजावलं.

९ जुलै, दुपार

एकच पान घेतलं आणि तिन्ही दिवसांच्या स्नॅपशॉटमध्ये त्यावर स्टॅट (फाइलची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवला. मोड म्हणजे मालक, ग्रुप आणि इतर यांचे हक्क, प्रत्येकी एक अंक: वाचन ४, लेखन २, एक्झिक्यूट १ यांची बेरीज. लिंक म्हणजे त्या फाइलला किती नावं आहेत.

७ तारीख: मोड ७४०, ग्रुप ‘स्कॅन’, लिंक ४२.
८ तारीख: मोड ७७५, ग्रुप ‘स्कॅन’, लिंक १.
९ तारीख: मोड ७७५, ग्रुप ‘वाचनालय’, लिंक १.

तिन्हींचे इनोड क्रमांक वेगळे. एमडी-फाइव्ह (मजकुराचा ठसा) तिन्हींचा एकच. फाइलची तारीखसुद्धा तीच, २०२३ ची.

मग आठवलं. एकादशीची गर्दी ओसरल्यावर सोमवारी दुपारी मी एसटीत होतो. ओसीआर तपासायला नव्याने आलेल्या ताईंचा फोन आला, मास्टरमधल्या फायलींची नावं बदलता येत नाहीत म्हणून. मोबाइलवरून सर्व्हरवर एसएसएच केलं, मास्टर फोल्डरवर रिकर्सिव्ह (आतल्या सगळ्यासकट) चमॉड (मोड बदलायची आज्ञा) ७७५ मारलं आणि “ताई, आता बघा” म्हणालो. तरी जमेना. कारण ताई ‘स्कॅन’ ग्रुपमध्ये नव्हत्याच, त्या ‘वाचनालय’ ग्रुपमध्ये. मंगळवारी तेही लक्षात आलं, मग रिकर्सिव्ह चग्रुप (ग्रुप बदलायची आज्ञा). जमलं. “थँक्यू दादा.” दोन्ही आज्ञा मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

त्या अर्ध्या मिनिटाची किंमत ‘क’ने मोजली. लिंक-डेस्टचा करार साधा आहे: कालची फाइल आणि आजची फाइल जपायच्या सगळ्या बाबतीत सारखी असेल तरच हार्ड लिंक. फक्त मजकूर आणि तारीख नव्हे. आरसिंकला आर्काइव्ह पर्याय दिला की परमिशन, ओनर, ग्रुप हेही जपायच्या यादीत येतात. यातलं एक जरी बदललं तर लिंक करता येत नाही. आणि का करता येत नाही ते इनोड म्हणजे काय हे आठवलं की कळतं. फाइलचं नाव फोल्डरच्या नोंदीत असतं. बाकी सगळं, म्हणजे मोड, मालक, ग्रुप, वेळा, आकार आणि डेटा डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता, इनोडमध्ये. हार्ड लिंक म्हणजे त्याच इनोडला आणखी एक नाव. एका इनोडला दोन मोड असू शकत नाहीत. ७ तारखेला ७४० आणि ८ तारखेला ७७५ हे दोन्ही खरं ठेवायचं तर दोन इनोड लागणार. दोन इनोड म्हटल्यावर ईएक्सटी-फोरवर डेटाही दोनदा.

आरसिंकने चूक केलेली नाही. उलट मजकूर तोच आहे हे ओळखून त्याने नेटवर्क वाचवलं, कालच्या प्रतीवरून तिथल्या तिथे कॉपी केली. सोळा आणे चुकलो तो मीच.

९ जुलै, रात्र

बुधवार आहे, ‘ख’ आलेली आहे. ‘क’वर काही करण्याआधी एक ताजी प्रत बाहेर असलेली बरी, म्हणून ‘ख’चा बॅकअप घेतला. २ टीबीचीच डिस्क, धाकधूक होती की हीपण भरणार. नऊ मिनिटांत झाला. जागा जेमतेम ७ जीबीने वाढली, आठवड्याची नवी पानं तेवढी.

हे कसं? आनंद झाला, पण समजलं नाही. बाई डिस्क घेऊन गेल्या.

१० जुलै, गुरुवार

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी बाईंना फोन केला, “मॅडम, डिस्क परत आणाल का?” गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या गडबडीतही घेऊन आल्या. ‘ख’वर २६ आठवड्यांचे स्नॅपशॉट आहेत. तेच पान, स्टॅट.

जानेवारी: मोड ७७५, ग्रुप ‘वाचनालय’. मार्च: तेच. जून: तेच. इनोड सगळीकडे एकच, लिंक २६.

जानेवारीत या फाइलला ७७५ कुणी दिलंच नव्हतं.

आता ती स्क्रिप्ट उघडली. लिंक-डेस्ट नाहीच. जुनी पद्धत: आधी मागच्या आठवड्याच्या फोल्डरची सीपीने (कॉपीच्या आज्ञेने) हार्ड-लिंकी नक्कल करायची, मग त्या नकलेवर साधा आरसिंक सोडायचा. मजकूर बदललेल्या फायलींना ही पद्धत चालते, कारण आरसिंक नवी फाइल तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहितो आणि शेवटी नाव बदलून जागेवर आणतो. जुना इनोड जुन्या स्नॅपशॉटांकडे सुखरूप राहतो. (जुन्या फाइलवरच लिहिणारा इन-प्लेस पर्याय लावला असता तर तेही गेलं असतं.) पण फक्त परमिशन बदललेली असेल तर आरसिंक नवी फाइल कशाला लिहील? समोर जी आहे तिच्यावरच चमॉड करतो. आणि समोर जी आहे ती २६ नावांची एकच वस्तू आहे.

मेजावर छोटा प्रयोग केला, कारण ‘असंच असणार’ यावर मला आता विश्वास नाही. एक टेक्स्ट फाइल, मोड ६४४, तीन दिवसांचे स्नॅपशॉट दोन्ही पद्धतींनी घेतले. तिसऱ्या दिवसाआधी मूळ फाइल ६६४ केली.

लिंक-डेस्ट: पहिला आणि दुसरा दिवस ६४४, इनोड एक, लिंक २. तिसरा दिवस ६६४, इनोड नवा, लिंक १.
नक्कल करून आरसिंक: तिन्ही दिवस ६६४, इनोड एक, लिंक ३.

पहिल्या पद्धतीने जागा दिली आणि खरं सांगितलं. दुसरीने जागा वाचवली आणि जुन्या वहीतल्या नोंदी खोडून नव्या शाईने लिहिल्या. काल रात्री नऊ मिनिटांत मी ‘ख’वरचा सहा महिन्यांचा परमिशनचा इतिहास पुसला, तोही ‘ताजी प्रत बाहेर असलेली बरी’ म्हणून. मजकूर शाबूत आहे, तेवढंच समाधान.

‘क’ भरली म्हणून कालपासून तिला शिव्या देत होतो. आता जुने मोड फक्त तिच्याकडे आहेत.

११ जुलै, शुक्रवार

पर्याय चाळले.

युटिल-लिनक्समधलं ‘हार्डलिंक’ नावाचं साधन सारख्या फायली शोधून परत एका इनोडवर आणतं, आणि मोडकडे दुर्लक्ष कर असंही त्याला सांगता येतं. जागा सुटेल. पण मोडकडे दुर्लक्ष म्हणजे तिघांतला कुठला तरी एक मोड उरणार. ‘ख’ची गत हाताने ‘क’ची करायची. नको.

मोड-ग्रुप सोडून फक्त एसीएलने (एकेका युजरला वेगळे हक्क देणारी यादी) ताईंना हक्क द्यावा, आरसिंकला एसीएल जपायला सांगितलेलंच नाही, तर त्याला दिसणार नाही, असा एक हुशारीचा विचार आला. प्रयोग केला. ६४० च्या फाइलवर सेटएफएसीएलने एका युजरला वाचन-लेखन दिलं. एलएसमध्ये (फायलींच्या यादीत) ती ६६० दिसायला लागली, शेवटी अधिकचं चिन्ह. एसीएल असलेल्या फाइलवर ग्रुपच्या जागी खरं तर मास्क (हक्कांची कमाल मर्यादा) दिसतो, आणि आरसिंकला तो मोडच वाटतो. लिंक तुटली. हुशारी परत खिशात.

बॉर्ग किंवा रेस्टिक असा बॅकअप प्रोग्राम असता तर हा प्रश्नच आला नसता. ते मजकुराचे तुकडे आणि फाइलची माहिती वेगवेगळी ठेवतात. चमॉड झालं तर माहितीची ओळ नवी, तुकडे तेच. ईएक्सटी-फोरऐवजी एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस असतं तर रिफ्लिंक वापरूनही सुटतं: इनोड दोन, खालचे ब्लॉक सामायिक. पण बाईंची अट पहिल्या दिवसापासूनची आहे: “उद्या तुम्ही नसलात तरी मला डिस्क लावून फोल्डर उघडता आलं पाहिजे.” बॉर्गची डिस्क लावली तर फोल्डर दिसत नाहीत. ईएक्सटी-फोर मोडून एक्सएफएस करायचं तर आधी सगळं दुसरीकडे हलवायचं, आणि तेवढी तिसरी डिस्क नाही. अट योग्य आहे. हार्ड लिंकच राहणार.

मग मुळाशी गेलो. ताईंना हवं काय होतं? फाइलचं नाव बदलणं. नाव कुठे असतं? फोल्डरमध्ये. नाव बदलायला फोल्डरवर लेखनाचा हक्क लागतो, फाइलवर नाही! मी ४८,००० टिफना लेखनाचा हक्क वाटला, इतरांनाही एक्झिक्यूट वाटला (टिफ एक्झिक्यूट कोण करणार आहे?), आणि लागणारी गोष्ट होती सुमारे ९०० फोल्डरांवर. फोल्डरांना हार्ड लिंक नसतेच. प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये ते नव्यानेच बनतात, ४ केबीला एक. म्हणजे फोल्डरांचे मोड रोज बदलले तरी बॅकअपला फुकट.

एवढं दोन वाक्यांत लिहायला तीन दिवस लागले.

१२ जुलै, शनिवार

वाचनालय दुपारी बंद झाल्यावर काम.

‘क’वरचा ७ तारखेचा स्नॅपशॉट फक्त-वाचन माउंट केला. त्यात जाऊन गेटएफएसीएल, रिकर्सिव्ह आणि अंकी आयडी घेऊन. ही आज्ञा एसीएलसाठीची, पण साध्या फायलींचेही मोड, मालक आणि ग्रुप लिहून देते. एकच मजकुराची फाइल, जेमतेम काही एमबी. ती सर्व्हरवर नेली, मास्टर फोल्डरच्या मुळाशी उभं राहून रूट म्हणून सेटएफएसीएलला ‘रिस्टोर’ सांगितलं. मार्ग सापेक्ष असतात, त्यामुळे भलत्या फोल्डरात उभं राहून चालवली तर काहीच सापडत नाही. पहिल्यांदा तसंच झालं.

मोड ७४०, ग्रुप ‘स्कॅन’, ४८,००० फायली. सोमवारी सकाळी स्कॅन झालेली चाळीसेक पानं ७ तारखेच्या स्नॅपशॉटमध्ये नव्हती, चमॉडमध्ये मात्र सापडली होती. ती हाताने केली.

टिफना मुळातच ७४० का, मालकाला एक्झिक्यूट कशासाठी, हे खटकलं. नंतर बघू.

मग खरं काम. ताईंना ‘स्कॅन’ ग्रुपमध्ये घातलं. फाइंडला फक्त फोल्डर शोधायला सांगून त्यांना २७७० दिलं. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, आत बनणारं सगळं ‘स्कॅन’ ग्रुपचंच राहावं म्हणून. ताईंना लॉगआउट करून परत यायला सांगितलं, ग्रुप नव्याने लागू व्हायला. “ताई, आता बघा.” नाव बदललं गेलं. टिफ उघडून त्यावर सेव्ह करायला सांगितलं, नकार आला. मास्टर आहेत, तेच हवं.

९ तारखेचा अपूर्ण स्नॅपशॉट पुसला. सव्वा टीबी मोकळं. पुसण्याआधी त्यातल्या लिंक-१ च्या फायली फाइंडने मोजल्या, कारण शेवटची लिंक जाते तेव्हाच जागा सुटते. जिच्या लिंक ४२ आहेत ती पुसून काही मिळत नाही.

१३ जुलै, रविवार

रात्रीचा बॅकअप लिंक-डेस्टला ८ ऐवजी ७ तारीख दाखवून. सात मिनिटं. मधल्या दिवसांची नवी पानं आली, बाकी सगळं लिंक. त्या पानाचा स्टॅट: ७४०, लिंक ४३. तो आकडा बघून जरा खुर्चीत मागे टेकलो.

८ तारीखही पुसली. ‘क’ पुन्हा दीड टीबीच्या आत. ८ चा ७७५ इतिहासात हवा होता का? माझ्या चुकीचं स्मारक सव्वा टीबीचं नको.

(कुणी विचारेल म्हणून: ईएक्सटी-फोरवर एका इनोडला ६५,००० लिंक चालतात. रोज एक धरली तर १७८ वर्षं. ती काळजी नाही.)

१६ जुलै, बुधवार

‘ख’चं काय करायचं? तिथेही लिंक-डेस्ट लावलं तर इतिहास खरा राहील, पण पुढच्या वेळी असं काही झालं की २ टीबीत दुसरा सव्वा टीबी मावणार नाही आणि बॅकअप पडेल. घरी नेण्याच्या डिस्कने कधीच पडू नये.

म्हणून ‘ख’ला परमिशन जपायलाच लावायची नाही. लिंक-डेस्ट आहे, पण आर्काइव्हनंतर नो-पर्म्स, नो-ओनर, नो-ग्रुप. ज्या गोष्टी जपायच्या नाहीत त्यांची तुलनाही होत नाही, त्यामुळे कुणी कितीही चमॉड केलं तरी लिंक तुटत नाही. तारखांना मात्र हात लावला नाही. त्या सोडल्या तर आरसिंकची झटपट तुलनाच कोलमडते. आणि परमिशन? स्नॅपशॉटच्या मुळाशी दर वेळी गेटएफएसीएलची यादी, जीझिप करून. काही शे केबी. ४८,००० फायलींच्या परमिशनचा पूर्ण इतिहास आठवड्याला एका फोटोइतक्या जागेत. हे आधी का नाही सुचलं.

तीच यादी ‘क’वरही रोज ठेवायला लागलो. ‘ख’च्या पहिल्या स्नॅपशॉटमध्ये ७ तारखेची यादी टाकून दिली, आधीच्या सहा महिन्यांसाठी तीच सगळ्यात जवळची.

२१ जुलै, सोमवार

पहारेकरी बसवला. दीडच्या बॅकअपआधी आरसिंकचा सुका फेरा: काही न लिहिता, मूळ फोल्डर आणि शेवटचा स्नॅपशॉट यांची तुलना, प्रत्येक फाइलमागे काय बदललं ते अक्षरांत. अकरा अक्षरांची ओळ येते. पहिलं टिंब आणि दुसरं एफ म्हणजे साधी फाइल, मजकूर जसाच्या तसा. सहाव्या जागी पी असेल तर परमिशन, सातव्या ओ असेल तर मालक, आठव्या जी असेल तर ग्रुप. मजकूर तोच आणि या तिघांपैकी काही बदललेलं, अशा ओळी २०० पेक्षा जास्त झाल्या की थांब आणि मेल पाठव.

यात एक सुरा उघडाच आहे. सुक्या फेऱ्याचा एन हा पर्याय टाकायला विसरलो तर आरसिंक शेवटच्या स्नॅपशॉटवरच चमॉड करेल, म्हणजे सगळ्याच स्नॅपशॉटवर. ‘ख’चा किस्सा ‘क’वर. म्हणून पहारेकऱ्याला स्नॅपशॉटची फक्त-वाचन बाइंड माउंट (तेच फोल्डर दुसऱ्या मार्गाने, लिहिता न येणारं) दिली. मुद्दाम एन काढून चालवून पाहिलं. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ म्हणून बोंब मारली. छान.

२३ जुलै, बुधवार

दोन दिवसांत पहारेकऱ्याने हाक मारली. ६१२ ओळी, प्रत्येकीत सहाव्या जागी पी, बाकी टिंबं. सगळ्या एकाच वर्षाच्या फोल्डरातल्या. बॅकअप थांबलेला.

मी काही केलेलं नाही. ताईंनी? त्यांना फाइलवर लेखनच नाही. स्टॅट: ७४० च्या ६४० झाल्या आहेत. मालकाचा एक्झिक्यूट तेवढा गेलेला. सी-टाइम (फाइलची माहिती शेवटची बदलल्याची वेळ) मंगळवार, दुपारी ४ ते साडेचार. (चमॉडने एम-टाइम, म्हणजे मजकूर बदलल्याची वेळ, बदलत नाही, सी-टाइम बदलतो. कोण कधी आलं ते दाराच्या उंबऱ्यावर दिसतं.)

स्कॅनिंग करणाऱ्या दादांना विचारलं, मंगळवारी चारला काय चाललं होतं.

“काही नाही, ताईंना घरी तपासायला त्या वर्षाची पानं पेनड्राइव्हवर दिली.”

“कॉपी-पेस्ट?”

“छे, माझी बॅच फाइल आहे ना. परत चालवली तर फक्त नवीनच कॉपी करते.”

बॅच फाइल उघडली. एक्सकॉपी, स्लॅश एम. ज्या फायलींवर विंडोजचा आर्काइव्ह बिट आहे त्याच कॉपी करायच्या आणि कॉपी झाल्यावर तो बिट उतरवायचा. आणि आपला सांबा (विंडोजच्या मशीनना सर्व्हरची फोल्डरं दाखवणारा प्रोग्राम) जुन्या कॉन्फिगवर चाललेला, कुणीतरी कधीतरी दुसऱ्या मशीनवरून उचलून आणलेल्या: ‘मॅप आर्काइव्ह’ चालू, ‘स्टोर डॉस अॅट्रिब्यूट्स’ बंद. अशा वेळी सांबा विंडोजचा आर्काइव्ह बिट कुठे ठेवतो? युनिक्समधल्या मालकाच्या एक्झिक्यूट बिटमध्ये.

म्हणून ७४०. टिफना एक्झिक्यूट कुणी दिला नव्हता; तो ‘ही फाइल अजून कॉपी व्हायची आहे’ असा विंडोजचा निरोप होता. दादांनी पेनड्राइव्ह भरला, निरोप उतरला, आणि बॅकअपच्या दृष्टीने ६१२ फायली बदलल्या. १६ जीबी. दर पेनड्राइव्हला.

दादांना यातलं काय सांगणार. त्यांची बॅच फाइल अगदी बरोबर चालत होती.

२४ जुलै, गुरुवार

सांबात डॉस अॅट्रिब्यूट्स (आर्काइव्ह बिटसारख्या विंडोजच्या खुणा) आता एक्सटेंडेड अॅट्रिब्यूटमध्ये (फाइलला जोडलेल्या जादा माहितीत) ठेवायला लावले, मॅप आर्काइव्ह बंद. आरसिंकला एक्सटेंडेड अॅट्रिब्यूट जपायला सांगितलेलं नाही, त्यामुळे आर्काइव्ह बिट चढो-उतरो, लिंकला धक्का नाही. दादांकडून पाच पानांवर बॅच फाइल चालवून घेतली. सुक्या फेऱ्यात शून्य ओळी.

६१२ फायलींना मंगळवारच्या पहाटेच्या यादीतून परत ७४० दिलं. बॅकअप सहा मिनिटं.

आता प्रश्न ४८,००० टिफवरच्या निरर्थक एक्झिक्यूटचा. हात शिवशिवतो. एक ओळ, अर्धं मिनिट, आणि सगळं स्वच्छ ६४०. पण ते अर्धं मिनिट म्हणजे पुन्हा सव्वा टीबी आणि पाच तास वीस मिनिटं. राहू दे ७४०. पुढेमागे ‘क’ नवीन घ्यावी लागेल, तेव्हा पहिल्या पूर्ण बॅकअपआधी करू. तसं वहीत लिहून ठेवलं.

३० जुलै, बुधवार

‘ख’वरून परत आणण्याची चाचणी. तेच ६१२ पानांचं फोल्डर एका रिकाम्या जागी कॉपी केलं. आले ते मोड अर्थातच भलतेच. यादीतून त्या फोल्डरच्या नोंदी काढून सेटएफएसीएल रिस्टोर. मग मूळ फोल्डर आणि आणलेलं फोल्डर, दोन्हींवर गेटएफएसीएल आणि डिफ (फरक दाखवणारी आज्ञा). पहिल्यांदा ६१२ पैकी ३ फरक आले: नावात स्पेस असलेली तीन पानं. गेटएफएसीएल नावातली स्पेस उलट्या स्लॅशच्या आकड्यांत लिहितो, आणि माझी नोंदी काढणारी ओळ ते धरत नव्हती. पूर्ण यादीच दिली तर अडचण नाही, म्हणून नोंदी काढण्याचा शहाणपणा रद्द. दुसऱ्यांदा डिफ रिकामा.

बाईंनी डिस्क घ्यायच्या आधी मी तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करने लिहिलं: ‘९ जुलैपर्यंतच्या परमिशन खऱ्या नाहीत. यादी पहा.’ बाईंनी वाचून विचारलं, “आणि पानं?”

“पानं खरी आहेत, मॅडम.”

डिस्क पिशवीत गेली.